दाइरोने नाकारलेले सतरा दगड

वाइमंगात, म्हणजे आमच्या गावात, दाइरो लेदेशिवाय कुणाची कबर होत नसे. पुरायला तो लागायचा नाही, दगड निवडायला लागायचा. माणूस धडधाकट असतानाच कबरीचा दगड खाणीतून ओढून आणून अंगणात मांडायचा, ही आमची रीत. आणि दगड तरी कसा, तर दोन म्हशी अंगाला अंग लावून आरामात बसतील एवढा. तो कारेकाच्या टेकडीतून हुडकून द्यायचं काम दाइरो तिशीपासून करत आला होता. त्याच्या आधी त्याचा बाप करायचा, आणि बापाच्या आधी कोण करायचं हे विचारलं की दाइरो म्हणायचा, "टेकडीला विचार."

खाणीतला दगड म्हणजे आमच्या लेखी बापाघरी असलेली लग्नाची मुलगी. तिला रीतसर मागणी घालावी लागते. दाइरो आधी खडकापुढे सुपारी, पानाऐवजी चघळायची विड्याच्या वेलाची शेंग आणि चुना ठेवायचा, घरची माणसं कशी आहेत ते सांगायचा, मग हातातल्या गोट्याने खडक ठोकत ठोकत त्याला कान लावायचा. खणखणीत आवाज आला तर दगड एकसंध, बद्द आला तर पोटात भेग. आणि एवढं झाल्यावर तो त्या खडकावर दुपारभर झोपायचा. झोप गाढ लागली तर दगड यायला राजी. सारखी कूस बदलावी लागली तर बोलणी फिसकटली. मग कुठे छिन्नीवाले येऊन खडकाभोवती चर खणायचे आणि खालून पाचरी ठोकून तो मोकळा करायचे.

"झोपा काढून नाव कमावलेला माणूस जगात एकच," असं त्याची बायको तारी पाणवठ्यावर सांगायची. सांगताना तोंड वाकडं करायची, पण सांगायची रोज.

तर असा हा माणूस. त्याने त्रेचाळीस जणांना दगड निवडून दिले आणि त्यातल्या एकालाही तडा गेला नाही. फक्त स्वतःच्या घरासाठी अकरा वर्षांत त्याला एक दगड पसंत पडेना. मुलगा मालो याचं लग्न झालं त्या वर्षापासून तारी मागे लागली होती. दाइरो टेकडीवर जायचा, संध्याकाळी परत यायचा आणि काहीतरी खोट काढायचा. एक दगड खोकतो. एकाचं तोंड उत्तरेला आहे. एक दिसायला चांगला आहे पण बोलायला उर्मट आहे. एकदा तर म्हणाला, "दगड चांगलाय गं, पण त्याच्या मनात दुसरंच कुणीतरी आहे."

"सोळा झाले," तारी म्हणाली. "तुमच्या बहिणीला स्थळं बघताना एवढी चिकित्सा केली असती तर ती आज सुखात असती."

तारीची घाई उगाच नव्हती. दाइरोच्या अंगणात त्याच्या आईबापांची कबर होती, ऐसपैस, आत आणखी दोघांची जागा असलेली. स्वतःचा दगड नसताना तारी गेली असती तर तिला त्याच कबरीत, सासूच्या शेजारी ठेवलं असतं. सासू जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण भाताला पाणी किती घालायचं यावरून सुरू झालेलं त्यांचं भांडण तारीच्या लेखी अजून मिटलेलं नव्हतं.

"तीस वर्षं एका चुलीवर काढली," ती म्हणायची, "आता उरलेलं सगळं एका दगडाखाली काढू? म्हातारी मला तिथेही पाणी मोजायला लावेल."

"आई आता सुधारली असेल," दाइरो म्हणायचा.

"तुमची आई? मारापूंनाच तिने सुधारलं असेल!" मारापू म्हणजे आमचे पूर्वज. आमच्याकडे त्यांना सगळे भितात आणि ते तारीच्या सासूला भीत असावेत, असा गावाचाही कयास होता.

मागच्या पावसाळ्यात तारीला ताप आला. वीस दिवस उठली नाही. अंगावर नुसती हाडं उरली. त्या वीस दिवसांत दाइरोने तिच्यासाठी भाताची पेज केली, तीही पाणी जास्त घालून, आणि तिने ती काही न बोलता प्यायली, तेव्हा मात्र घरातल्या सगळ्यांची पाचावर धारण बसली. मालो शहरात ट्रक चालवायचा. तो धावत आला आणि म्हणाला, "बाबा, हल्ली सगळे सिमेंटची करतात. चार दिवसांत उभी राहते. वर फरशीसुद्धा लावून देतात."

"राखेत पाणी कालवून केलेला दगड?" दाइरो कडाडला. "तो कुणाच्या घरचा? त्याची आई कोण, बाप कोण?"

"दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, बाबा. काहीच नसण्यापेक्षा..."

"तुझ्या आईला पिठाच्या डब्यात ठेवायचं असेल तर ठेव!"

तारीने आतून सगळं ऐकलं. ती बरी झाली, काठी घेऊन अंगणात फिरू लागली आणि नवऱ्याने सतरावा दगडही "जरा एकलकोंडा वाटतो" म्हणून नाकारला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटी कारेकाच्या टेकडीवर चढली. तीन ठिकाणी बसत, दोन ठिकाणी शिव्या देत चढली. दाइरो मागोमाग धापा टाकत पोचला तेव्हा ती एका पांढऱ्या, रुंद खडकावर मांडी घालून सुपारी चघळत होती.

"हा," ती म्हणाली.

दाइरोने ठोकून पाहिलं. खण्ण. पलीकडून ठोकलं. खण्ण. कान लावला, खाली वाकून पाहिलं, नखाने खरवडलं. असा दगड त्याने आयुष्यात दोनदाच पाहिला होता.

"आत खोल कुठेतरी भेग असणार," तो म्हणाला.

"भेग तुमच्या डोक्यात आहे. मी विचारलंय त्याला. हो म्हणाला."

"काय विचारलंस?"

"आमच्या घरात येशील का म्हटलं. सासू आहे का म्हणाला. म्हटलं, आहे, पण शेजारच्या कबरीत. म्हणाला, मग येतो."

मग तारीचा थोरला भाऊ तोंगो याने सूत्रं हाती घेतली. तोंगो म्हणजे मोठं पोट, त्याहून मोठा आवाज, आणि बायकोचा भाऊ असल्यामुळे दाइरोने ज्याच्यापुढे मान खाली घालायची असा माणूस. त्याने डुकरं दिली, दाइरोने म्हशी दिल्या, बेचक्याच्या भल्यामोठ्या खोडाची घसरगाडी झाली, तिच्या टोकाला घोड्याचं डोकं कोरलं, रानातल्या वेलींचे दोर वळले आणि सात गावांचे तीनशे गडी जमले. दगडावर निशाण रोवून त्याखाली तोंगो स्वतः आरोळ्या द्यायला उभा राहिला. गड्यांचं म्हणणं असं की दगड ठीक आहे, पण दोन दगड ओढायचं ठरलं नव्हतं.

दोन दिवस दगड झकास चालला. खाली ओंडके टाकायचे, तोंगोने आरोळी द्यायची, तीनशे जणांनी हुंकार भरायचा की दगड चार हात पुढे. बायका दोरांना हात लावत नाहीत, त्या बाजूने सुपारी वाटत आणि नावं ठेवत चालतात. तारी सगळ्यांच्या पुढे होती. दाइरो मात्र मूग गिळून घसरगाडीच्या कडेने चालत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी गावाच्या अलीकडचा ओढा लागला, आणि ओढ्याच्या चिखलात दगड बसला तो बसलाच.

दुपारपर्यंत दोर दोनदा तुटले. तीनशे जण तीनशे दिशांना पडले. एका डुकराचं मटण संपलं, दुसरं कापलं, तेही संपलं आणि दगड होता तिथेच.

"मुलगी रुसली," तोंगो वरून म्हणाला. "दाजी, तुमच्या घराकडून काहीतरी चुकलंय."

"तुम्ही खाली उतरून बघा ना, दादा," दाइरो म्हणाला. "कदाचित रुसवा जाईल."

अशा वेळी करायचं काय ते ठरलेलं आहे. रातोला, म्हणजे आमच्या पुजाऱ्याला बोलावलं. त्याने कोंबडी कापली, आतडं हातावर पसरून उन्हात धरलं आणि बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "कुणीतरी पोटात काहीतरी ठेवलंय. ते बाहेर पडल्याशिवाय दगड हलणार नाही. ज्याचं त्याने बोलून टाका."

तीनशे माणसांना सांगितलं की पोटातलं बोला, मग काय विचारता! एकाने तोंगोचा कोंबडा चोरल्याचं सांगितलं. दुसऱ्याने तोच कोंबडा आपण पहिल्याकडून चोरल्याचं सांगितलं. एका म्हाताऱ्याने चाळीस वर्षांपूर्वीची एका बाईची गोष्ट सुरू केली, त्याला त्याच्या बायकोने सुपारीची टोपली फेकून मारली. प्रत्येक कबुलीनंतर सगळे दोर ताणून बघायचे. दगड ढिम्म.

मग मालो पुढे आला. मान खाली घालून म्हणाला, "मी सिमेंटची बारा पोती आणून सासऱ्यांच्या घरात ठेवलीत. आईचा ताप वाढला तेव्हा."

सगळे "हंऽऽ!" म्हणाले. सापडलं एकदाचं! तीनशे जणांनी दोर खेचले, तोंगोने घसा फाटेस्तोवर आरोळी दिली. दगड हलला नाही.

रातोने आतडं पुन्हा उचललं, पुन्हा बघितलं आणि या वेळी आतड्याकडे न बघता दाइरोकडे बघितलं.

दाइरो चिखलात उभा होता. हातातला गोटा या मुठीतून त्या मुठीत करत होता. तारी काठी टेकत त्याच्या समोर येऊन उभी राहिली.

"बोला."

"काय बोलू?"

"अकरा वर्षं. सतरा दगड. एक खोकतो, एक उर्मट, एक एकलकोंडा. मी काय समजायचं? तुम्हाला मला तुमच्या आईशेजारीच टाकायचंय, असंच ना?"

"नाही गं."

"मग?"

दाइरोने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा तीनशे माणसांकडे पाहिलं. एवढ्या लोकांसमोर बोलायची त्याला सवय नव्हती. तो खडकांशी बोलणारा माणूस.

"मी त्रेचाळीस जणांना दगड दिले," तो म्हणाला. "वर्षाच्या आत, फार तर दोन वर्षांत, एकेक जण गेला. दगड अंगणात आला की माणूस निघतो. मी मोजलंय. मी तुझा दगड निवडला असता तर... म्हणून मी तुला खोकल्याबिकल्याचं सांगत होतो. दगड सगळे चांगले होते. सतराही."

तोंगो वरून गरजला, "हे काय बोलणं झालं! माझा दगड येऊन सहा वर्षं झाली. मी काय भूत आहे?"

"तुमचा दगड मी निवडला नव्हता, दादा. तुम्ही मला न विचारता आणलात."

"बरंच झालं म्हणायचं!"

"तडा गेलाय त्याला."

"जाऊ दे तडा! मी जिवंत आहे!"

सगळे हसले, तारी मात्र हसली नाही. "वेडे की काय तुम्ही," ती हळूच म्हणाली. "दगड आणायची घाई म्हातारीच माणसं करतात, आणि म्हातारी माणसं मरतातच. त्यात दगडाने काय केलं? अकरा वर्षं एकट्याने हे पोटात ठेवलंत, आणि मी रोज तुम्हाला बोलत राहिले."

"तू बोलत होतीस ते बरं होतं. तापात बोलायची थांबलीस तेव्हा मला..."

"झालं," रातो म्हणाला. "बाहेर पडलं. ओढा!"

तीनशे जणांनी ओढलं. तोंगोने आरोळी दिली. दगड तसूभरही हलला नाही. रातोचं तोंड बघण्यासारखं झालं. त्याने आतड्याकडे असं पाहिलं की कोंबडी जिवंत असती तर पळून गेली असती.

"आता काय राहिलं?" तारीने विचारलं.

दाइरोने गोटा कनवटीला लावला. "राहिलंय," तो म्हणाला. "घसरगाडीच्या डाव्या पायाखाली ओंडका तिरका होऊन काठावरच्या चिंचेच्या मुळात अडकलाय. चिखलाने झाकलंय म्हणून दिसत नाही. मी सकाळीच काठी घालून बघितलं होतं."

"सकाळी?" तोंगो म्हणाला.

"सकाळी."

"आणि आम्ही दोन डुकरं खाल्ली, दोन दोर तोडले, माझा घसा गेला, त्या चोरांनी माझ्या कोंबड्याचं..." तोंगोला वाक्य पुरं करता येईना.

"दगड अडला नव्हता, दादा. मी अडवला होता."

असं म्हणून त्याने कुणाच्या तरी हातातली पहार घेतली आणि गुडघ्यापर्यंत चिखलात शिरला. कुणी मदतीला पुढे झालं नाही, तारीने हातानेच सगळ्यांना थांबवलं होतं. त्याला बराच वेळ लागला. पहार घातली, मूळ तोडलं, ओंडका सरळ केला, बाहेर आला आणि तोंगोला म्हणाला, "द्या आरोळी."

पहिल्याच हुंकाराला दगड ओढ्यातून वर आला. पलीकडे वाइमंगाचा उतार. उतारावर दगड पुढून ओढायचा नसतो, मागून दोर धरून आवरायचा असतो, नाहीतर तो घरादारांवर जाऊन आदळतो. मागच्या दोरांना वीस गडी लागतात. दाइरोने कधी दोर धरला नव्हता. दगड निवडणाऱ्याचं काम खाणीतच संपतं. त्या दिवशी मात्र तो सगळ्यात शेवटी जाऊन उभा राहिला, दोर कंबरेला गुंडाळला आणि टाचा जमिनीत रोवल्या. खाली अंगण दिसत होतं. तो असा काही मागे खेचू लागला की पुढचे एकोणीस जण वळून बघायला लागले.

"दाइरो काका, सोडा थोडा! दगड थांबतोय!"

तो सोडेना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. तेवढ्यात त्याच्या मागे कुणीतरी दोराचं शेपूट धरलं. वळून बघतो तर तारी. काठी टाकून आलेली.

"बायका दोर धरत नाहीत," तो म्हणाला.

"माझाच दगड आहे." तिने आपले हाडकुळे हात त्याच्या हातांच्या मागे रोवले. "हळू जाऊ दे."

"हं."

"हळू. पण जाऊ दे."

दाइरोने हातभर दोर सोडला.