बियाण्याचे कांदे

"थांबा, काय म्हन्ते ते तं पाहू," असं म्हणत तो अंगठा मातीत दाबायचा आणि मान कलती करून उभा राहायचा. उगवून न आलेल्या मेथीबद्दल तो हेच म्हणायचा, माझ्या मुलीच्या तापाबद्दल हेच, आणि कचेरीतून आलेल्या शेतसाऱ्याच्या नोटिशीबद्दलसुद्धा हेच. नोटिशीला थांबवता येत नाही, हे मी त्याला पुष्कळ समजावलं. मी वाशीमच्या कोर्टात कारकून, मला तेवढं तरी कळत होतं.

आमच्या भाड्याच्या घरामागे त्याची भाजीची वाडी होती. जातीचा माळी, वय साठीच्या पुढे, बायको वारलेली, मूलबाळ नाही. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हातात खुरपं नसलं की त्यांना हात कुठे ठेवावेत ते सुचत नाही.

त्याला पेरण्यापेक्षा प्रयोग करण्याचाच नाद जास्त. कोथिंबिरीची मुळं खोच, मुळ्याचा शेंडा पुर, असं चाललेलं असायचं. एकदा साहेबाच्या बंगल्यावरच्या खानसाम्याने त्याला एक विलायती भाजी आणून दिली. वास कांद्याचा, पात लसणासारखी चपटी, पण खाली कांदाच नाही, नुसता जाडजूड पांढरा दांडा. म्हाताऱ्याने ती उलटसुलट करून पाहिली. "बाबूजी, याले तं पोटच नाई! साहेब लोक खातेत तरी काय?" मग त्याने मुळाकडचा बोटभर बुडखा कापून वाफ्यात लावला. पंधरा दिवसांत त्याला पात फुटली. त्या दिवशी त्याने मला कोर्टात जाताना अडवून कुंपणापाशी नेलं. मला उशीर झाला आणि शिरस्तेदाराची बोलणी खावी लागली.

त्याचा खरा जीव मात्र एकाच गोष्टीत होता, तो म्हणजे त्याचा पांढरा कांदा. बायको लग्न होऊन मालेगावाकडून आली तेव्हा पदराच्या गाठीत ते बी घेऊन आली होती. कांद्याचं बी वर्षभरच जगतं. म्हणून दर उन्हाळ्यात निवडक कांदे बाजूला ठेवायचे, थंडी लागली की लावायचे, त्यांना फुलांचे गोंडे येऊ द्यायचे आणि नवं बी धरायचं. हे काम बायको करायची. ती गेल्यावर तो करू लागला. "मानूस गेलं, पन तिचा कांदा चालू हाय," असं तो सहज बोलून जायचा.

त्या वर्षी त्याचं छप्पर फार गळत होतं. मृग लागताच तो बियाण्याचे कांदे घेऊन माझ्याकडे आला. "तुमच्या घरी कोरडं हाय, बाबूजी. दिवाळीपावतर राहू द्या." मी ते स्वयंपाकघरातल्या शिंक्यात ठेवले. माझी बायको तेव्हा माहेरी होती. ती आल्यावर मी तिला सांगायचं विसरलो. एवढंच झालं, पण आजही ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

आषाढात कांदेनवमी आली. चातुर्मासात आमच्याकडे कांदा घरातसुद्धा ठेवत नसत, म्हणून त्या दिवशी असेल नसेल तेवढा कांदा संपवायचा. मी कोर्टातून आलो तर घरभर भज्यांचा वास. मी भरपूर हाणली. इतकी गोड भजी मी जन्मात खाल्ली नव्हती. म्हाताऱ्यालाही हाक मारली. तो ओसरीवर बसला, पानावरचं एक भजं खाल्लं, दुसरं तोंडात घातलं आणि चावता चावता थांबला.

"बाई, कांदे कुठले?"

"घरातलेच, बाबा. शिंक्यात होते ना!" बायको दारातून हसून म्हणाली.

तेव्हा कुठे मला ते कांदे आठवले. म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं, हळूच मान हलवली आणि पान पूर्ण संपवलं. मग हात धुवायला म्हणून मागे गेला. मी धावत गेलो तर तो उकिरड्यापाशी उकिडवा बसून कांद्याचे बुडखे वेचत होता.

"बाईले सांगू नका," तो म्हणाला. "सनावाराचं केलं तिनं. तिले लागन."

अकरा बुडखे सापडले, ते त्याने त्या विलायती भाजीसारखे वाफ्यात लावले. श्रावणाच्या झडीत सात सडले. उरलेल्या चारांवर तो पळसाची पानं धरून बसायचा. मी रोज कुंपणावरून पाहायचो आणि न विचारताच परतायचो. शेवटी मला राहवेना, मी बायकोला सगळं सांगितलं. ती तशीच उठून वाडीत गेली. वाफ्यापाशी जाऊन खाली बसली. म्हाताराच म्हणाला, "बाई, भजे खरंच चांगले झाले होते." तेव्हा मात्र ती रडली.

थंडीत चारांपैकी दोन बुडख्यांना दांडे आले, गोंडे आले. उन्हाळ्यात बी धरलं, जेमतेम ओंजळीच्या तळाशी राहील एवढं काळं बी. फडक्यात बांधून त्याने ते माझ्या बायकोपुढे धरलं.

"राहू द्या तुमच्यापाशी."

ती मागे सरली. "नको बाबा. माझ्यापाशी कशाला देता?"

"आता तुमच्याइतकं हे कोनी जपनार नाई, बाई."

भाद्रपदात दोन दिवसांच्या तापाने तो गेला. मी कोर्टात होतो. घरी आलो तेव्हा वाडीत माणसं जमली होती, आणि बायको चुलीपाशी ते फडकं मुठीत धरून बसली होती.

दसरा झाल्यावर तिने त्याच्याच वाडीत वाफा केला. तिने कधी खुरपं धरलं नव्हतं. हाताला फोड आले तरी मला हात लावू दिला नाही. बी पेरलं, वर राख भुरभुरली आणि सकाळ-संध्याकाळ तांब्याने पाणी शिंपू लागली. नवव्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो. ती वाडीतून धावत आली, पदराला चिखल लागलेला.

"उगवलं हो! सगळं उगवलं!"

मी वस्तरा खाली ठेवला. ती दारातच थांबली.

"आता सांगू कोणाला?"