मुंबई ते सिंगापूर, आमच्या ओसरीतून

मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढची लाज एकदमच उरकेल.

लेक नोकरीसाठी सिंगापूरला निघाली. घराण्यात विमानात बसणारी ती पहिलीच. तिकिटावर होतं, मुंबईहून सकाळी अकरा, सिंगापूरला संध्याकाळी सात. मी आठ तास धरून मोकळा झालो. जुना नकाशा ओसरीत पसरला आणि दोरा लावून अंतर मोजलं, तर ते चार हजार किलोमीटरच्या आसपास भरलं. म्हणजे तासाला पाचशे.

"गुरुजी, विमान असून इतकं हळू काऊन?" शेजाऱ्यानं विचारलं.

"समुद्रावरून जपूनच नेतात," मी म्हणालो. आठवलं की अजून कान गरम होतात.

आदल्या दिवशी तिला शेगावहून गाडीत बसवताना मी बजावलं होतं, "उतरल्यावर तिथलं फुकटचं इंटरनेट लाव, मला फोन कर. माझा आवाज ऐकल्याशिवाय विमानतळाबाहेर पाय टाकायचा नाही." स्वतःच्या शहाणपणावर मी फार खूश होतो.

घरचं माणूस लांब निघालं, की ते पोहोचल्याची खबर येईपर्यंत केर काढायचा नाही, ही बायकोची शिस्त. लेक नांदुऱ्याला परीक्षेला जायची तेव्हा हे तासाभरात निभायचं. आता दोन दिवसांची धूळ साचली होती.

"अवो, पोरगी कधी पोचते? दिवे लागल्यावर मले झाडू हाती घेता येत नाई."

"सातला. त्याआधी नाही म्हणजे नाही."

ती पायरीवर बसून राहिली. मी चार वाजता मोबाइल बंद केला आणि चार्जिंगला लावला. बंद ठेवला की बॅटरी लवकर भरते, हे माझं शास्त्र. सातला फोन येणार, तेव्हा ऐनवेळी दगा नको.

सातला पाच मिनिटं कमी असताना चालू केला. तेवीस मिस्ड कॉल. पहिला पाच वाजताचा. कसाबसा फोन लावला.

"बाबा!" ती हुंदके देत होती. "तुमी ठीक हा ना?"

"मी ठीक आहे. तू कुठं आहेस? विमान तर आत्ता..."

"साडेचारलेच उतरली मी. इथचं घड्याळ अडीच तास पुढं हाये. तुमीच तं आठवीत शिकवलं होतं."

"मग पुढं का नाही गेलीस?"

"कशी जाऊ? तुमचा आवाज आयकल्याबिगर जायचं नव्हतं ना. अन् फोन बंद. तुमाले काई झालं, असंच वाटून राह्यलं होतं. मी परतीचं तिकीट पाहून राह्यली होती, बाबा."

दोन तास माझी लेक परक्या देशात बॅगेवर बसून माझ्यासाठी रडत होती. आणि मी इथं विमान हळू चालतं म्हणून गावाला पटवत होतो. डोळे भरून आले.

बायकोनं माझ्या हातातून फोन घेतला.

"तुया बाबाले काई नाई झालं," ती म्हणाली. "भूगोल कच्चा हाये फक्त. तू जाय आता. खोलीवर पोचली का सांग, मी बसलीच हाये."