चूक खोलीची

बायकोलासुद्धा हे कधी सांगितलं नाही. तुम्हाला का सांगतोय — कुणास ठाऊक.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा वाद धुमसत होता, त्या वर्षांत परभणीच्या आमच्या कार्यालयात कॉम्प्युटर आले. चपला बाहेर काढूनच आत जायचं, अशी ती खोली. आम्ही चौघं, मी प्रमुख; खोलीची चावी आमच्यातल्या सूर्यकांतकडं. जिल्ह्याच्या पीकनोंदी मशीनमध्ये भरायच्या आणि वरून रोज तगादा. एकदा चुकीचं बटण दाबलं म्हणून सुनंदाबाई रडायलाच लागल्या. तेव्हा मी नियम केला — चूक कुणाचीही असो, साहेबांपुढे ती 'खोलीची' म्हणून सांगायची. नाव घ्यायचं नाही. भेदरलेली माणसं मग आपणहून चुका दाखवू लागली. काय छाती फुगायची माझी!

दुसरा नियमही माझाच — बाहेरची फ्लॉपी मशीनला लावायची नाही.

ती मीच लावली. मेहुण्यानं औरंगाबादहून खेळाची फ्लॉपी दिली होती. माणसं शिणलीत, दुपारी जरा खेळतील, असं स्वतःलाच समजावलं. खरं सांगू? मलाच खेळायचं होतं. सगळे जेवायला गेल्यावर एकटाच खेळलो. लवकरच पडद्यावरची अक्षरं गळून खाली पडायला लागली. व्हायरस! कित्येक महिन्यांचं काम पाण्यात गेलं.

साहेबांनी विचारलं, "कुणाचं काम हे?" 'खोलीची चूक' एवढंच म्हणायचं होतं ना? मी म्हणालो, "चावी सूर्यकांतकडं असते."

खोटं एक अक्षर नाही, बघा. पण सूर्यकांत दलित होता. त्या दिवसांत साहेब पुढे काही विचारणार नाहीत, हे मला ठाऊक होतं — ठाऊक होतं म्हणूनच बोललो. तो रोजंदारीवर. त्याच दिवशी काढला त्याला.

जाताना दारात थांबून म्हणाला, "सर, नाव घ्यायचं न्हाई, तुमीच म्हणला होता न्हवं?" मी खाली बघून चपला शोधत राहिलो. त्यानंतर त्या खोलीत कुणीच चूक सांगितली नाही. सुनंदाबाई माझ्याशी कामापुरतं बोलायच्या.

पुढे कधीतरी तो पिंगळीच्या स्टेशनवर भेटला. मीच तोंड चुकवत होतो. तोच जवळ आला. म्हणाला, "सर, लय इचार केला मी. एखाद्या दिवशी खोली उघडी टाकून च्याला गेलो आसंन. माझ्याच हातनं झालं ते. तुमाला उगंच बोललो."

आणि मी — मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, "जाऊ दे, सूर्यकांत. होतं असं माणसाच्या हातून."