टेक्सासचा तात्या

घरात कॅरीबॅगा साठतात ना, तसे ऑफिसात किस्से साठतात. मुद्दाम कुणी जमवत नाही, पण एक दिवस कपाट उघडलं की धबाधबा अंगावर! आमच्या सिंगापुरातल्या, पाया लेबारच्या ऑफिसात तर त्या कपाटाचं दारच लागेना झालंय. प्रोजेक्टच तसा आहे. टेक्सासमध्ये डेल नावाच्या माणसाचं शिकारीचं रान आहे. तिथल्या कॅमेऱ्यांतून हरणांचे फोटो येतात आणि कुठला नर ‘ट्रॉफी’, म्हणजे मारून डोकं भिंतीवर टांगायच्या लायकीचा, ते आमचं ॲप ठरवतं. आम्ही कोण? पुण्या-मुंबईची माणसं. हरीण पाहिलंय ते प्राणिसंग्रहालयात, तेही आईस्क्रीम खात!

*

ॲपला शंका आली की फोटो मंदारकडे जातो. मंदार आमचा टेस्टर. केकसुद्धा ‘एगलेस आहे ना?’ विचारून खाणारा. पहिल्याच दिवशी त्याच्या स्क्रीनवर दोन बटणं आली, ‘मारा’ आणि ‘सोडा’.

“मेधा, अगं मी अंडं खात नाही, आणि माझ्या क्लिकवर जीव जाणार?”

मी म्हटलं, “नोकरी गेली की सिंगापुरात राहायचा वर्क पास जाईल, पास गेला की बिशानचा फ्लॅट जाईल. मुकाट्याने क्लिक कर!”

त्याने डोळे मिटून क्लिक केलं. ‘सोडा’.

*

डेलने नियम समजावले. शिंगांचा पसारा, लांबी, जाडी, टोकं किती, सगळ्याचे मार्क. डावं-उजवं सारखं नसेल तर फरकाचे मार्क कापायचे. आणि पाच वर्षांच्या आतला नर कितीही देखणा असो, हात लावायचा नाही, वाढू द्यायचं.

आमचे मॅनेजर देसाई सर. त्यांना हे इतकं आवडलं की माझ्या अप्रेझलमध्येच घातलं! “मेधा, टेक्निकल उत्तम, कम्युनिकेशन बेताचं. डावं-उजवं जुळत नाही. मार्क कापावे लागतील.”

“कापा की! पण मला इथे अजून पाच वर्षं झालेली नाहीत, सर. हात लावू नका!”

*

नराचं वय अंगावरून ओळखायचं. पोट सुटलेलं, पाठ खचलेली, मान छातीत मिसळलेली, पाय तोकडे दिसणारे, म्हणजे गडी पिकला. शाळेला सुट्टी म्हणून मंदारची इथेच वाढलेली लेक सई ऑफिसात आली होती. तिने हा तक्ता वाचला आणि मान वर केली. समोरून देसाई सर कॉफी घेऊन येत होते.

“बाबा, धिस वन कॅन शूट ऑलरेडी लाह!”

*

प्रत्येक नराला ओळखनंबर द्यायचा असतो. मंदारने नावं दिली! बंडूमामा, नाना, आणि सगळ्यात थोराड तो तात्या, कारण तो मंदारच्या आजोळच्या तात्यांसारखा जेवणाच्या वेळी बरोब्बर हजर. डेलला वाटलं, हा काहीतरी भारतीय कोड आहे. मग तिकडून मेसेज यायला लागले, “आज तात्या चाऱ्यावर आला होता. तब्येत छान आहे.” हळूहळू शिकारी पाहुणे दुर्बिणी घेऊन यायला लागले आणि बंदुका गाडीतच राहायला लागल्या.

*

काँट्रॅक्ट संपायच्या आठवड्यात देसाई सरांनी रिपोर्ट काढला आणि उडालेच. तीन हंगामांत मंदारने एकदाही ‘मारा’ दाबलं नव्हतं! तात्या तर कधीच ट्रॉफी झाला होता, पण दर वेळी मंदारचा शेरा, ‘अजून वाढेल, सोडा’.

“शिकारीच्या ॲपात पांजरपोळ काढलास? काँट्रॅक्ट गेलं तर अख्ख्या टीमचे पास जातील, कळतंय का?”

मंदारचा चेहरा पांढराफटक. सईची शाळा डोळ्यांपुढे आली असणार. मलाही भीती वाटली, खोटं कशाला बोलू? हरणांचाच राग आला मला.

तेवढ्यात डेलचा व्हिडिओ कॉल. डोक्यावर भलीमोठी हॅट, डोळे लाल.

“तात्या गेला.”

“कुणी मारला?” मंदार ओरडलाच.

“कुणीच नाही. म्हातारा झाला होता. झाडाखाली बसला तो उठलाच नाही. एवढी शिंगं माझ्या रानात आजवर कुणी पाहिली नव्हती, कारण एवढं जगूच दिलं नव्हतं आम्ही कुणाला. पाहुण्यांनी पुढच्या वर्षीचं बुकिंगही केलंय, नानाला बघायला. नव्या काँट्रॅक्टवर सही करून पाठवलंय.”

देसाई सर मटकन खुर्चीत बसले. “मी आधीपासून म्हणत होतो, सोडा म्हणून!”

डेल मात्र फोन ठेवेना. घुटमळत म्हणाला, “एक विचारायचं होतं. तुमच्याकडे घरातलं मोठं माणूस गेलं की काय करतात?”

मंदारचे डोळे भरले होते. तो बोलून गेला, “तेरा दिवस नॉनव्हेज बंद.”

डेलने हॅट काढून छातीशी धरली. मागे वळून बायकोशी काहीतरी कुजबुजला. मग कॅमेऱ्याजवळ येऊन अगदी हळू आवाजात म्हणाला,

“फिश चालेल?”