संग्रहालयाची बिछायत

आता माझ्या शहाणपणाची ही गोष्ट कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाले? पहिले चहाचा कप खाली ठेवा. सांडला तं मले बोलू नका.

मी नागपुरातल्या एका लहानशा सरकारी संग्रहालयाचा प्रमुख. प्रमुख म्हणजे काय, मी, चौकीदार देवराव अन् पाच बादल्या. बादल्या काहून? छत गळते ना बाप्पा! अन् गळते कुठं, तं जुन्या पोथ्या ठेवल्या त्याच दालनात. पावसाळाभर मी अन् देवराव पोथ्यांचे कपाटं इकडून तिकडं सरकवत राहतो. मागच्या साली दोन पोथ्या भिजून पार लगदा झाल्या. तवापासून ढग गरजला का मी बादल्या घेऊन धावतो.

मंत्रालयात प्रस्तावावर प्रस्ताव धाडले. छत करून द्या, वायरिंग बदलून द्या, फुटक्या शोकेस बदला, रोजच्या खर्चाले काही निधी द्या. उत्तर ठरलेलं, 'विचाराधीन'.

अन् या उन्हाळ्यात एकाएकी पत्र आलं. 'पाहणीसाठी अधिकारी येत आहेत.' अधिकारी म्हणजे मंत्रालयातल्या एक मॅडम.

पाहणी! तीस वर्षं सरकारी नोकरी झाली माझी. पाहणी म्हटलं का मले एवढंच माहीत, चुना मारा, कुंड्या मांडा, समोसे सांगा. साहेबाले काही वाईट दिसलं का मेमो पक्का. अन् माझी निवृत्ती सहा महिन्यांवर!

देवराव म्हणे, "सर, मॅडम आल्या का पहिले बादल्याच दाखवू."

"पागल झाला काय गा? घरी पाहुणे आले तं तू पहिले संडास दाखवतं काय?"

तिथंच मी त्याचं ऐकलं असतं तं!

मी मनीषनगरातल्या बिछायतवाल्याकडे गेलो. लग्नात मांडव, खुर्च्या भाड्यानं देते ना, तो. म्हटलं, छताले झालरीचं कापड लाव, एक डाग दिसला नाही पाहिजे. चार कूलर, गालिचा, अन् फुटक्या काचांसमोर ठेवाले मोठ्या कुंड्या. तो म्हणे, "नवरी कोण आहे साहेब?"

पण पाहाले येणारे कुठून आणू? कुही गावाले माझ्या साळ्याले फोन लावला. "वीसेक माणसं घेऊन ये."

"काहून भाऊजी?"

"संग्रहालय पाहाले."

"जेवण आहे काय?"

"आहे."

"मंग येतो ना!"

ठरल्या दिवशी मॅडम आल्या. चष्मा, हातात फाईल, बोलणं मोजकं. मान वर करून कापडाकडे पाहिलं. "छत गळतं का?"

आता माणसानं काय म्हणावं? पण तीस वर्षांची सवय! तोंडातून निघून गेलं, "छे छे मॅडम! एक थेंब नाही!"

मागं देवरावले जो खोकला लागला, तो थांबेचना. मी डोळे वटारले.

मॅडमनं फाईलीत टिक केली. शोकेसजवळ आल्या. "छान झाडं लावलीत." टिक. कूलरची हवा घेतली. टिक. माझ्या साळ्याची वरात शिलालेखापुढं माना डोलवत उभी होती. "रोज इतके लोक येतात?"

"आज जरा कमीच आहे, मॅडम."

एकेक टिक पडे अन् मी फुगत जाय! शेवटी मॅडम टेबलाशी बसल्या अन् म्हणाल्या, "अभिनंदन. इतकं सुस्थितीतलं संग्रहालय मी पाहिलंच नाही. आमच्याकडे निधी थोडा आहे, तो जिथं अवस्था वाईट तिथंच द्यायचाय. तुमचा प्रस्ताव मी वगळते."

कूलरसमोर उभा राहून घामाघूम झालो. खरं सांगावं, तं अधिकाऱ्याशी खोटं बोललो म्हणून नोकरीवर येते. गप्प राहावं, तं पोथ्या गेल्या.

मॅडमनं सही कराले पेनाचं टोपण काढलं, अन् तेवढ्यात बिछायतवाला आत आला.

"साहेब, सोडू काय आता? संध्याकाळी प्रताप नगरात हळद आहे. चारचं बोलणं झालं होतं आपलं."

मी डोळ्यानं खुणा केल्या. तो म्हणे, "डोळ्यात काही गेलं काय साहेब?" अन् लागले ना त्याचे माणसं कामाले! कूलर निघाले. कुंड्या उचलल्या, फुटक्या काचा दिसल्या. कापड ओढलं तसा छताचा एक पोपडा धपकन मॅडमच्या फाईलीवर पडला. वर काळे डाग अन् गंजलेल्या सळया. कुहीवाले एका सुरात, "भाऊजी, जेवण कुठं आहे?"

अन् देवराव? मी केबिनमध्ये लपवलेल्या पाचही बादल्या त्यानं आणल्या अन् एकेक आपापल्या जागी ठेवली. "ही एक नंबरची, मॅडम. हिच्यात सगळ्यात जास्त येते."

मी हात जोडले. डोळ्यात पाणीच आलं. "मॅडम, मी खोटं बोललो. मले मेमो द्या, पण पोथ्यांवरचं छत तेवढं करून द्या."

मॅडमनं एकदा छताकडे पाहिलं, एकदा बादल्यांकडे. मंग फाईल झटकली अन् निघून गेल्या.

पंधरा दिवस मले जेवण गेलं नाही. पत्र आलं तं लिफाफा फोडाची हिंमत होईना. देवरावनंच वाचलं. छत मंजूर! पावसाळ्याआधी काम करा म्हणून हुकूम! मी नाचाचाच बाकी होतो.

देवराव म्हणे, "थांबा सर, खाली अजून एक ओळ आहे."

'सदर कामाची देखरेख चौकीदार देवराव यांनी करावी, कारण छत गळते हे संग्रहालय प्रमुखांना माहीत नाही.'

आता देवराव ठेकेदारासोबत वर छतावर असते अन् गेटावर मी बसतो. काल वरूनच ओरडला, "सर, मॅडम काम पाहाले येऊन राहिल्या परवा!"

मी स्टुलावरून उठून उभाच झालो. "मंग मी काय करू गा?"

"तुम्ही सुट्टी घ्या!"