डाकोटानं गेलो, व्हायकिंगनं आलो

स्थळ बघायला लोक बैलगाडीनं जातात, मी विमानानं गेलो. घोडेगावच्या बाजारात माझी बैलांची दलाली. चालवून बघितल्याशिवाय मी कुणाला बैल घेऊ दिला नाही, मग पोरीचं लग्न तसंच कसं ठरवणार? कुसुमला दोन स्थळं आली होती. एक श्रीगोंद्याकडच्या साखर कारखान्यातला कारकून. दुसरा नगरचाच माधव, पण मुंबईत एका विमान कंपनीत नोकरीला. स्वातंत्र्य मिळून वर्ष उलटलं होतं आणि विमान कंपन्या पावसाळ्यातल्या छत्र्यांसारख्या उगवल्या होत्या.

"आज हाय, उद्या न्हाई असली कंपनी," बायको म्हणाली. "बुडाली तर पोरीनं काय खावं, पेट्रोल?"

कुसुमनं माधवला नगरला एका लग्नात पाहिलं होतं, आणि हल्ली कारखान्याचा विषय निघाला की तव्यावरची भाकरी हमखास करपायची. शेवटी मी म्हटलं, मुलगा राहू द्या, मी कंपनीच चालवून बघतो!

नगरपासून पुण्यापर्यंत नव्या सरकारी मोटारीनं गेलो. गाडी वेळेवर सुटली, याचंच निम्म्या लोकांना नवल. शिरूरला चहा बरा मिळतो, भजी मात्र घेऊ नका. पुण्याहून आगगाडी, आणि मुंबईत दादरला मेहुण्याकडे मुक्काम. तिकीट अहमदाबादचं काढलं: जाताना माधवच्या कंपनीचं, येताना एका मोठ्या कंपनीचं. दोन्ही मिळून एक बरी गाय आली असती. बायकोला हे अजून सांगितलेलं नाही.

सांताक्रूझच्या विमानतळावर माणसांनाही काट्यावर उभं करतात. काट्यापाशी माधवच! फोटोवरून मी ओळखलं, त्यानं मला पाहिलेलं नव्हतं. धोतर सावरत उभा राहिलो. जन्मभर दुसऱ्याला जोखलं, आज माझी पाळी. माझ्याजवळ अहमदाबादच्या व्यापाऱ्यासाठी बाजरीचं गाठोडं होतं.

"काका, हे नाही जाणार. वजन जास्त होतंय."

"जाऊ द्या की साहेब, तुमच्या चहापाण्याचं बघू."

"चहा मीच पाजतो तुम्हाला," तो हसून म्हणाला, "पण गाठोडं इथंच राहील. येताना घेऊन जा."

मी वरून रागावलो, आतून मात्र सुखावलो.

डाकोटाचं सांगायचं तर ते उभं असतं शेपटी टेकून, त्यामुळं दारातून खुर्चीकडं जाताना चढ चढावा लागतो. लढाईत सामान वाहिलेलं विमान, त्याला रंग देऊन खुर्च्या बसवलेल्या. गडगडाट असा की शेजारचा काय बोलतो ते त्यालाच ठाऊक. कानात घालायला कापूस आणि चघळायला पेपरमिंट देतात, दोन्ही घ्या. वर गारठा असतो, घोंगडी न्या, कुणी हसलं तर हसू द्या. पण खिडकीतून खाली समुद्राची कड दिसली आणि अहाहा! पन्नाशीच्या माणसानं ओरडू नये, मी ओरडलो. गडगडाटात कुणाला ऐकू गेलं नाही. एक गोष्ट मात्र मनाला टोचली, निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

परतीचं व्हायकिंग नवंकोरं. गादी मऊ, वेग जास्त, चहाबरोबर बिस्किटं. फक्त मधल्या वाटेत पंखाची तुळई आडवी येते, तिला माझा गुडघा दोनदा भेटला. सुखाला व्हायकिंग चांगलं, यात वाद नाही. डाकोटा गावरान बैल, थोडक्यात भागवतो आणि माळावरही उतरतो.

मुंबईला उतरल्यावर गाठोडं घ्यायला माधवकडे गेलो आणि सरळ सांगितलं, "मी घोडेगावचा. कुसुमचा बाप."

पोरगा पांढराफटक! नमस्कार करायला वाकला तो काट्यावरच आपटला. मग चहा आला. पलीकडे चार इंजिनांचं, तीन शेपट्यांचं एक अवाढव्य विमान उभं होतं. ते लंडनला जातं, आतली हवा जमिनीसारखीच ठेवतात म्हणून कान दुखत नाहीत, असं तो सांगत होता. मी त्याला मध्येच थांबवलं.

"ते असू दे. तुझी कंपनी टिकंल का?"

बाजारात बैल विकणारा खोड झाकतो. दात घासून बैल तरणा दाखवतो, लंगडा असला तर मऊ मातीत चालवतो. आता हा काय झाकतो, याची मी वाट बघत होतो.

"सांगवत नाही, काका," तो म्हणाला. "विमानं झाली उदंड, प्रवासी थोडे. तुमचा बैल विकला गेला नाही तर पुढच्या बाजारी आणता येतो. विमान एकदा उडालं की त्यातली रिकामी खुर्ची कायमची गेली. पेट्रोल तेवढंच जळतं. आमची कंपनी मोठीत मिसळेल, नाहीतर बंद पडेल. पण विमानं राहणार. काम मला येतं, कुणीतरी ठेवेलच."

"हे तू मला सांगतोस? पोरगी हातची जाईल की!"

"मग लग्नानंतर सांगू का?"

मी चहा संपवला आणि गाठोडं उचललं.

घरी आल्यावर सगळं जसंच्या तसं सांगितलं. बायकोनं कपाळाला हात लावला. "म्हंजी तो सोताच म्हनतोय बुडंल, आन् तुमी खूश हून आलात? कारखान्यावाला लई बरा."

तेवढ्यात कुसुम चुलीपुढून उठून दारात आली. मला ती दादा म्हणते; आमच्यासमोर कधी मोठ्यानं बोलली नव्हती.

"आई, दुष्काळाच्या साली बाजारात एक बैल नव्हता. दादा दोन वर्सं घरी बसून हुते. तू गेलीस का माहेरी?"

त्या दोन वर्षांत बायकोनं काय काय विकलं, ते आम्हा दोघांनाच ठाऊक. मग पदरानं डोळे पुसत ती उठली, फडताळातून साखरेचा डबा काढला आणि पहिली चिमूट कुसुमच्या हातावर ठेवली.