ओलं पोतं

ज्या माणसानं माझ्या वडिलांच्या कबरीवर ट्रॅक्टर घातला, तो एक दिवस माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला. ते आठवलं की मला आजही बरं वाटतं, हे आधीच सांगून टाकतो. मी ख्रिस्ती आहे, रविवार चुकवत नाही, तरी बरं वाटतं.

मुखेड तालुक्यातल्या आमच्या गावाबाहेर आम्हा ख्रिस्ती घरांचं छोटं कब्रस्तान आहे. त्याला लागून या माणसाचं शेत. माझे वडील त्याच्याकडे सालगडी होते, जन्मभर त्याला मालक म्हणाले. दरवर्षी पेरणीआधी तो कब्रस्तानाचा बांध हातभर कोरायचा. एवढी काळी जमीन असून मेलेल्यांची हातभर जागाही त्याला सोडवत नव्हती. वडील गेल्यावर चौथ्या वर्षी तो त्यांच्या कबरीपर्यंत पोहोचला. बाभळीचा क्रूस उपटून त्यानं बांधावर फेकला आणि नांगर फिरवला. शेजारची जागा आईनं स्वतःसाठी धरून ठेवली होती. त्या दोन्ही जागांवर सोयाबीन उगवलं.

आम्ही तलाठ्याकडे गेलो, तहसीलला अर्ज दिले. मोजणी होईल, एवढंच उत्तर मिळत राहिलं. पाळकसाहेब म्हणाले, क्षमा करा. मी मान डोलावली, आणि प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेची ओळ आली की ओठ मिटून घ्यायला लागलो. कितीतरी वर्षं ती ओळ मी म्हटली नाही. शेजारी बसणाऱ्यांनाही ते कधी कळलं नाही.

पुढं मला तालुक्याला हमीभावाच्या खरेदी केंद्रावर माल तपासायचं काम लागलं आणि मी आईला घेऊन मुखेडला राहायला आलो. काम सोपं. पाच-सहा पोत्यांत लोखंडी नळी खुपसायची, निघालेले दाणे एकत्र करायचे आणि यंत्रात ओलावा बघायचा. बारा टक्क्यांच्या वर गेला की माल परत. पहिल्याच हंगामात मी रांगेतल्या ट्रॉल्यांकडे बघत त्याची वाट पाहायला लागलो. प्रार्थना करतानासुद्धा तेच मागत होतो.

दुसऱ्या हंगामात तो आला. माल चांगला वाळलेला होता, दाणा खणखणीत. फक्त मागच्या कोपऱ्यातलं तळाचं पोतं ताडपत्रीच्या बाहेर राहून भिजलं होतं. मी त्याच पोत्यात नळी खुपसली, दुसऱ्या कशाला हात लावला नाही. यंत्रावर सतरा आलं.

"माल ओला आहे. परत न्या."

"साहेब, ते येकच पोतं भिजलंय. दुसऱ्यात बगा की."

साहेब. माझ्या बापाला त्यानं कधी नावानं हाक मारली नव्हती. मी वहीत शेरा लिहिला आणि पुढच्या ट्रॉलीला हात केला.

तो मला वजनकाट्यामागं घेऊन गेला. डोळे खाली, हात जोडलेले. "तुमच्या वडलाची जागा सोडतो. आईची बी. बांध मागं घेतो, आजच लिहून देतो. येवढा माल घ्या."

इतक्या वर्षांच्या अर्जांनी जे झालं नाही, ते तो एका ट्रॉलीच्या बदल्यात देत होता. पण त्याला रिकाम्या हातानं परत जाताना बघायची माझी भूक त्याहून मोठी होती. "मी लाच घेत नाही," मी म्हणालो, हमालांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. त्याची ट्रॉली फाटकातून बाहेर पडेपर्यंत मी बघत राहिलो. त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

गोष्ट मंडळीत पोचायला वेळ लागला नाही. रविवारी उपासनेत साक्षीची वेळ आली. आमच्यात ज्याला देवानं सांभाळलं, तो उठून चार लोकांसमोर सांगतो. पाळकसाहेबांनी मला उठवलं. बापाची कबर समोर ठेवली तरी लोभाला बळी पडलो नाही, असं मी सांगितलं. बायका डोळे पुसत होत्या. म्हातारे हालेलूया म्हणाले. मला ते सगळं लई आवडलं.

घरी आल्यावर आईनं ताट वाढलं आणि समोर बसली. तिचा जन्म खळ्यावर गेलेला, पोत्यातलं धान्य तिला मी काय शिकवणार.

"किती पोती टोचलीस?"

मी भाकरीचा तुकडा मोडत राहिलो. "एक."

"भिजलेलं?"

"हाव."

तिनं भाकरीची टोपली झाकून ठेवली. मग म्हणाली, "मला पुरताना साक्ष द्यायला उभा राहू नगंस."

जेवण तसंच राहिलं. तो जमिनीचा हावरा म्हणून मी त्याला शिव्या देत होतो, आणि माझी हाव मी देवाच्या दारात उभं राहून मिरवली होती. राग मात्र तसूभर कमी झाला नव्हता. आजही झालेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून गावी गेलो. तो ओसरीवर बसला होता. बस म्हणाला नाही. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "मी एकच पोतं टोचलं होतं, मुद्दाम. माल परत आणा, नीट तपासतो. तुमचा बांध मला नको."

"इकला," तो म्हणाला. "पडत्या भावानं, लातूरच्या व्यापाऱ्याला."

मी थांबलो. तो शिव्या देईल, वर तक्रार करतो म्हणेल, असं वाटलं होतं. त्यासाठी मी तयार होतो, खरं तर तेच मला हवं होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यात ना मालक होता ना हात जोडलेला माणूस.

"येकच पोतं टोचलं, ते म्या बगितलंच हुतं. त्यात काय येवढं. तुमच्या जागी म्या बी तेच केलं असतं."